काजूची बाग आणि कुळागर: हुस्कवार्ना १२० मार्क २, स्टिल एमएस १८० की ५८ सीसीचे स्वस्त मशीन?

गोव्यात वाळपईजवळ दीडेक एकराचे कुळागर (माड-पोफळीची पाण्याखालची बाग) आणि वर डोंगरावर जुन्या काजूची बाग असलेल्या एका बागायतदाराने विचारले आहे की, चेनसॉ घ्यायचा तर कोणता? दुकानात नव्याने दिसलेला हुस्कवार्ना १२० मार्क २ त्यांच्या मनात भरला आहे. शेजाऱ्याकडे स्टिलचा एमएस १८० आहे आणि त्याची काही तक्रार नाही. ऑनलाइन मात्र २२ इंची पट्टीचे (चेन जिच्याभोवती फिरते ती) ५८ सीसी मशीन आठ हजारांच्या आसपास मिळते, बाकी दोघांच्या निम्म्याहूनही कमी किमतीत. "सीसी जास्त, पट्टी मोठी, किंमत कमी. मग जास्त पैसे कशाचे द्यायचे?" हा त्यांचा मुख्य प्रश्न. काम असे: म्हातारे झालेले आणि खोडकिड्याने वाळलेले काजू टप्प्याटप्प्याने काढून तिथे वेंगुर्ला जातीची कलमे लावायची, पावसात पडणारी माड-पोफळी बाजूला करायची, वर्षाची जळाऊ लाकडे करायची. शिवाय गेल्या पावसात मुळासकट उपटलेला एक मोठा फणस पाटावर आडवा पडून आहे.

फोंडा तालुक्यात मी ही मशीन दुरुस्त करतो आणि पावसाळ्यात पडलेली झाडे कापण्याची कामेही घेतो. त्यामुळे मशीन चालताना आणि बंद पडल्यावर, दोन्ही वेळा माझ्या हाताखालून जाते. त्या जोरावर लिहितो आहे.

तुमचे उत्तर दोन गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या दोन्ही खोक्यावर छापलेल्या नसतात. पहिली, तुम्ही कापणार ते लाकूड किती जाड आणि कुठल्या अवस्थेत आहे. दुसरी, मशीन बंद पडल्यावर तासाभराच्या अंतरावर ते उघडणारा माणूस आणि त्याचे सुटे भाग आहेत का. तुमच्या गावात स्टिलचा मेकॅनिक असेल तर माझे उत्तर एक, हुस्कवार्नाचा असेल तर दुसरे. तिसऱ्या मशीनबद्दल मात्र माझे मत ठाम आहे आणि त्याची कारणे सांगतो.

आधी सीसीचा विषय, कारण सगळ्यांची नजर तिथेच जाते. एमएस १८० चे इंजिन ३१.८ सीसीचे आहे. १२० मार्क २ चे ३८.२ सीसीचे. आकड्यावरून हुस्कवार्ना बराच पुढे वाटतो, पण ताकद पाहिली तर दोघेही १.४ किलोवॅटच्या आसपास, म्हणजे पावणेदोन ते दोन हॉर्सपॉवर. एकाच ताकदीसाठी एकाने इंजिन मोठे ठेवले आहे, दुसऱ्याने लहान. वजनातला फरक मात्र हातालाच कळतो: पट्टी, चेन आणि पेट्रोल धरले नाही तर स्टिल चार किलोच्या आसपास, हुस्कवार्ना ४.८५ किलो. पट्टी-चेन चढवून टाक्या भरल्या की दोघांतही आणखी दीडेक किलोची भर पडते. दुकानात पाच मिनिटे हातात धरून हा फरक जाणवत नाही. काजूच्या उतारावर एका पायावर भार टाकून, कमरेत वाकून दुपारपर्यंत फांद्या तोडल्या की जाणवतो. हात थकले की पट्टीचे टोक खाली झुकते, आणि टोक झुकले की अपघाताची वेळ जवळ येते.

हुस्कवार्नाच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे त्याचे एक्स-टॉर्क इंजिन. साध्या टू-स्ट्रोकमध्ये जळलेला धूर बाहेर ढकलताना थोडे ताजे पेट्रोलही न जळता सायलेन्सरमधून निघून जाते. एक्स-टॉर्कमध्ये आधी नुसत्या हवेचा थर आत येतो, तो धूर बाहेर काढतो, आणि पेट्रोलचे मिश्रण त्यामागून येते. कंपनी २० टक्क्यांपर्यंत इंधन वाचते म्हणते. वर्षाला पाच-दहा लिटर जाळणाऱ्या घरगुती बागायतदाराला त्यातून मोठी रक्कम वाचणार नाही, पण धूर कमी होतो. पोफळींच्या दाटीत वारा हलत नाही, तिथे डोळे आणि छाती दोघांनाही तो फरक कळतो. स्टिलमध्ये याच धर्तीचे इंजिन २-मिक्स नावाने येते. एमएस १८० घ्यायचा झाला तर समोरच्या मशीनवर ते लिहिले आहे का, एवढे बघा.

आता ५८ सीसी. या नावाखाली विकली जाणारी पुष्कळशी मशीन एकाच आराखड्याची असतात, फक्त वरचे स्टिकर आणि प्लास्टिकचा रंग बदलतो. उघडून मोजले की बोअर (सिलिंडरचा व्यास) ४५.२ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) ३४ मिलिमीटर भरतो. त्याचा हिशेब ५४.५ सीसी येतो. म्हणजे आकडासुद्धा वाढवून छापलेला. तरी ५४ सीसीही तुमच्या कामाला जास्तच आहेत, त्यामुळे ताकद कमी पडेल असे मी म्हणत नाही. नवे असताना ते जोरात कापते, हे मान्य करायला हवे. माझा आक्षेप वेगळा आहे. दोन मशीन शेजारी ठेवली तर एकाचा कार्ब्युरेटर दुसऱ्याला बसेल, पण ऑइल पंपाचा गिअर बसेलच असे नाही. चेन ब्रेकचा पट्टा काहींत इतका पातळ असतो की तो वेळेवर चेन थांबवील याची खात्री देता येत नाही. आणि विकणाऱ्याला फोन केला तर तो मशीनच्या आत काय आहे ते सांगू शकत नाही. माझ्याकडे अशी मशीन येतात तेव्हा बिघाड बहुधा किरकोळच असतो: पेट्रोलची नळी कडक होऊन फुटलेली, स्टार्टरची दोरी तुटलेली, आयडल (रेस न देता संथ चालणे) धरत नसलेला कार्ब्युरेटर. दुरुस्तीचा खर्च थोडा, पण नेमका भाग शोधण्यात आठवडे जातात, आणि काजूचा हंगाम त्यासाठी थांबत नाही.

पण या सगळ्यापेक्षाही मोठे कारण पट्टीची लांबी आहे. इथे जरा थांबून बोलायला हवे.

आपल्याकडचा जुना काजू सरळसोट वाढत नाही. तो बुंध्यापासूनच पसरतो, खालच्या फांद्या जमिनीला टेकतात, एकीच्या आत दुसरी घुसलेली असते. अशा गुंत्यात तुम्ही समोरची फांदी कापता तेव्हा पट्टीचे टोक तिच्यामागे कुठे आहे ते दिसत नाही. टोकाचा वरचा पाव भाग सगळ्यांत घातक. पूर्ण वेगात चेन सेकंदाला साधारण २० मीटर धावत असते. तो भाग मागच्या फांदीला घासला की दात लाकडात रुततात, चेन अडते आणि सगळा झटका पट्टीला मिळतो. मशीन उसळून तुमच्या खांद्याकडे, चेहऱ्याकडे येते. याला किकबॅक म्हणतात आणि तो घडून जाईपर्यंत माणसाला हात हलवायलाही वेळ मिळत नाही. १४ किंवा १६ इंची पट्टीचे टोक तुमच्या नजरेच्या टप्प्यात राहते. २२ इंचीचे टोक काजूच्या झाडीत हरवते. म्हणून काजूसाठी २२ इंची पट्टी घेऊ नका, मग ती कुठल्याही कंपनीची असो.

"पण बुंधा दीड फुटाचा आहे, १६ इंचात कसा होईल?" हा प्रश्न पुढे येणारच. १६ इंची पट्टीने दोन्ही बाजूंनी कापून दीड-दोन फुटांचा आडवा पडलेला बुंधा तुकड्यात काढता येतो. थोडा वेळ जास्त लागतो, एवढेच. हुस्कवार्ना १२० आणि एमएस १८० या दोघांनाही १४ आणि १६ इंची पट्ट्या बसतात. तुम्हाला मी १६ सांगेन, पण फांद्यांचेच काम जास्त असेल तर १४ घ्या. लहान पट्टीला चेन कमी, म्हणून इंजिनावर ओढ कमी, धार लावायला दातही कमी. एवढ्या ताकदीच्या मशीनला याहून लांब पट्टी लावायची हौस करू नका. चेन फिरेल, पण लाकडात शिरल्यावर इंजिन दमेल, क्लच घसरून तापेल आणि जळेल.

लाकडाच्या जातीचाही विचार करा, कारण तीन मशीनमध्ये जेवढा फरक आहे त्याहून मोठा फरक धारदार आणि बोथट चेनमध्ये आहे. काजू तसा मऊ. कापायला त्रास नाही. पण खोडकिड्याने वाळलेल्या काजूवर वाळवी चढलेली असते आणि सालीवर तिने मातीचे थर केलेले असतात. त्या मातीत बारीक वाळू असते. धारदार चेन तिच्यात दोनदा गेली की दातांची टोके गेलीच. चेनसॉ चालू करण्याआधी कोयत्याने जिथे कापायचे तिथली साल आणि माती वीतभर रुंदीत तासून काढा. डिचोली-सत्तरीच्या खाण भागात, जिथे वर्षानुवर्षे लाल धूळ झाडांवर बसली आहे, तिथल्या अकेशियालाही हेच लागू. आणि कापताना खाली जांभ्या दगडाला चेन लागू देऊ नका. बुंध्याखाली एक ओंडका सरकवून तो उचलून धरा, किंवा वरून पाऊण जाडी कापा आणि बुंधा उलटवून उरलेली कापा.

माडाचे खोड वेगळे वागते. त्याचा बाहेरचा थर कठीण आणि तंतूंनी भरलेला, आतला गाभा मऊ. इतर झाडांत असतो त्याच्या बरोबर उलट. बाहेरच्या थरात चेन लवकर बोथट होते आणि निघणारे ओले तंतू स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या) झाकणाखाली गच्च भरतात. ते तेलाच्या छिद्रापर्यंत गेले की पट्टीला तेल मिळणे बंद होते, आणि कोरडी चेन पट्टीला निळी करून टाकते. म्हणून दोन-तीन माड कापले की मशीन बंद करून झाकण काढा, बोटाने सगळे साफ करा, पट्टीची खाच एखाद्या पातळ पत्र्याने खरवडा. साकवासाठी (ओहोळावरच्या छोट्या पुलासाठी) माडाचे लांब तुकडे करून ठेवायचे असतील तर कापे कमी लागतील, तेवढी चेन वाचेल. पोफळीला चेनसॉ लागतच नाही असे मी म्हणेन. चांगली कुऱ्हाड किंवा हातकरवत पुरते आणि आजूबाजूची मिरवेल शाबूत राहते.

दोन्ही मशीनना लागणारी चेन ३/८ इंच लो प्रोफाइल. तिला ४ मिलिमीटरची गोल कानस लागते. दाताच्या माथ्यावर खुणेची रेघ असते, तिच्या रेषेत, साधारण ३० अंशांच्या कोनात, आतून बाहेर ढकलायची आणि परत येताना उचलायची. पेट्रोलची टाकी संपली की दर दाताला दोन-तीन हात द्यायचे. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. दाताच्या पुढे जो ठेंगणा खुंट असतो, तो दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली हवा. पाच-सहा वेळा धार लावली की तो चपट्या कानशीने थोडा उतरवावा लागतो, नाहीतर दात धारदार असूनही लाकूड नुसते घासले जाते. उलट तो जास्त उतरवला तर दात एकदम मोठा घास घेतो आणि किकबॅकचा धोका वाढतो. पिठासारखा भुगा पडू लागला की चेन बोथट झाली समजा. नीट कापत असेल तर जाड किसासारखे तुकडे पडतात. बोथट चेनने दाबून कापणारा माणूस इंजिन, पट्टी आणि स्वतःचे खांदे तिन्ही झिजवतो. मशीन घेताना दोन जादा चेन आणि एक कानस घ्याच. या पैशांची सोय आधी करा, मग मशीनचा विचार करा.

चेन विकत घेतानाची एक गफलत इथे सांगतो, कारण ती फार होते. दोघांचीही पट्टी १६ इंची, दोघांचीही चेन ३/८ लो प्रोफाइल, म्हणून एकाची दुसऱ्याला लागेल असे वाटते. पण स्टिलच्या १६ इंचीला ५५ ड्राइव्ह लिंक (पट्टीच्या खाचेत धावणारे चेनचे दुवे) लागतात आणि हुस्कवार्नाच्या १६ इंचीला ५६. एका लिंकने चेन एकतर बसत नाही किंवा सैल राहून उतरते. शिवाय पट्टीच्या खाचेची जाडी १.३ किंवा १.१ मिलिमीटर असू शकते. हे सगळे पट्टीच्या शेपटाशी कोरलेले असते. त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दुकानात तो दाखवूनच चेन मागा.

आता सुट्या भागांकडे येतो. तुम्ही वाळपईत, म्हणजे साखळी, डिचोली, फोंडा, म्हापसा हे टप्प्यात, आणि चोर्ला घाटाने बेळगावही. बेळगावहून मशीन थोडे स्वस्त पडते म्हणून लोक आणतात. त्यात गैर काही नाही, पण वॉरंटीचे काम तिथेच होणार असेल तर ऐन पावसात प्लग आणि कार्ब्युरेटरसाठी घाट चढायची तयारी ठेवा. घेण्याआधी दुकानात तीन वस्तू मागून पाहा: कार्ब्युरेटरचा डायफ्राम सेट, ऑइल पंप आणि क्लच ड्रम. "मागवून देतो" म्हणाले तर किती दिवसांत ते विचारा. शेल्फवरून काढून समोर ठेवले तर ते दुकान तुमचे. स्टिलचा भारतातला कारभार पुण्यातून चालतो आणि आपल्या भागात त्याचे भाग मला तरी सहज मिळत आले आहेत. हुस्कवार्नाचे भागही मिळतात, पण ते दुकानागणिक बदलते. एखाद्या दुकानात मकिताचा पेट्रोल चेनसॉ सवलतीत पडून असेल तर लक्षात घ्या की मकिताने पेट्रोल इंजिनांचे उत्पादन मार्च २०२२ मध्ये थांबवले. मशीन चांगलेच असेल, पण पुढच्या दहा वर्षांचे भाग कुठून येणार हा प्रश्न विचारूनच घ्या.

दुरुस्तीच्या बाजूने पाहिले तर १२० मार्क २ आणि एमएस १८० यांची इंजिने बांधणीने सारखीच: सिलिंडर आणि क्रँक खालच्या तबकडीसह एकत्र बसवलेले. पिस्टन धरला, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला, तर दोन्हींत पूर्ण इंजिन बाहेर काढावे लागते आणि मजुरी वाढते. म्हणून पिस्टन धरू नये याचीच काळजी घ्यायची, आणि ते जवळजवळ पूर्णपणे तेल आणि पेट्रोलवर अवलंबून आहे.

स्टिल आपल्या तेलाला ५० ला १ प्रमाण सांगते, म्हणजे लिटरला २० मिलिलिटर. दुसरे कुठले टू-स्ट्रोक तेल वापरले तर २५ ला १, लिटरला ४०. हुस्कवार्ना स्वतःच्या तेलाला ५० ला १ आणि इतर तेलाला ३३ ला १ सांगते, म्हणजे लिटरला ३०. जुन्या स्कूटरच्या सवयीने डोळ्यांनी अंदाज घेऊन ओतू नका. औषधाच्या बाटलीचे माप असते, ते वापरा. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतले पाणी ओढते, आणि आपल्या जून-जुलैच्या हवेत ते किती ओढत असेल ते सांगायला नको. पाणी जास्त झाले की इथेनॉल त्याच्यासह तळाशी बसते आणि मशीन नेमके तेच आधी ओढते. म्हणून महिनाभरात संपेल एवढेच मिश्रण करा. काम संपल्यावर मशीन आठवडेच्या आठवडे ठेवायचे असेल तर टाकी रिकामी करा आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटरही कोरडा होतो. लांब विश्रांतीसाठी प्लग काढून आत थोडे टू-स्ट्रोक तेल सोडा, दोरी हळू दोनदा ओढा आणि प्लग परत लावा. आपल्या दमट हवेत सिलिंडरला गंज चढतो, तो यामुळे टळतो.

चेनच्या तेलाबद्दल एक कळकळीची विनंती. गाडीचे जळके तेल चेनच्या टाकीत घालू नका. त्यात धातूचा भुगा असतो, तो ऑइल पंप खातो. आणि चेनवर टाकलेले तेल सगळेच्या सगळे जमिनीवर पडते. तुमच्या कुळागरात ते पाटात जाईल, पाटातून पोफळींच्या मुळाशी आणि पुढे कुणाच्या तरी विहिरीजवळ. चेनसाठीचे चिकट तेल मिळते. थोडे महाग आहे, पण तेच घ्या.

बॅटरीवरच्या चेनसॉबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी दोन वाक्ये. घराजवळच्या छाटणीला ते छान, आवाज कमी, दोरी ओढायची कटकट नाही. डोंगरावर चार्जिंग नाही आणि तुमचे काम दिवसभराचे आहे, म्हणून तुमच्यासाठी ते पहिले मशीन होऊ शकत नाही.

तर माझा सल्ला असा. वजन, भाग आणि उतारावरचे काम पाहता तुम्हाला मी एमएस १८० सांगेन, १६ इंची पट्टीसह. जवळचा भरवशाचा मेकॅनिक हुस्कवार्नाचा असेल आणि तुमची शरीरयष्टी मजबूत असेल तर १२० मार्क २ घ्या, पश्चात्ताप होणार नाही. पैसे कमी पडत असतील तर ५८ सीसीकडे वळण्यापेक्षा एमएस १७० पाहा. ३०.१ सीसी, ताकद जरा कमी, पण तोच आराखडा आणि बरेचसे तेच भाग. दरवर्षी मोठी झाडे कापायची असतील, म्हणजे ते तुमचे रोजचे काम होणार असेल, तर मात्र या वर्गातून बाहेर पडून एमएस २५० सारखे ४५ सीसीचे मशीन घ्यावे. पण तुम्ही लिहिलेल्या कामाला त्याची गरज नाही.

दुकानातून उचलण्याआधी मशीन चालू करून घ्या. थंड इंजिन किती ओढींत सुरू होते ते पाहा. रेस सोडल्यावर चेन पूर्ण थांबलीच पाहिजे. आयडलला सरकत असेल तर कार्ब्युरेटर जुळवून घ्या. चेन फिरत असताना पुढचा संरक्षक हाताच्या पाठीने पुढे ढकला, ती तत्काळ थांबायला हवी. पट्टीचे टोक खोक्याच्या पुठ्ठ्यासमोर हातभर अंतरावर धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर तेलाची रेघ उमटली तर पंप ठीक आहे. आणि त्याच बिलात जाळीचा मुखवटा असलेले हेल्मेट, कानाचे संरक्षण आणि पायाला लावायचे चेन अडवणारे संरक्षक कापड घ्या. कुणी सांगितले तरी हे मागच्या हँडलचे मशीन घेऊन माडावर किंवा आंब्यावर चढू नका आणि कुणाला चढवू नका. झाडावरच्या कामाची वरच्या हँडलची मशीन वेगळी असतात आणि ती दोर बांधून काम करायला शिकलेल्या माणसासाठीच आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूखालचे गवत वाळलेले असते, तेव्हा तापलेले मशीन गवतावर ठेवू नका, पेट्रोल भरताना साफ केलेल्या जागेवर ठेवा. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात आगी पसरल्या, ते सत्तरीतल्या कुणाला नव्याने सांगायला नको.

परवानगीचेही पाहा. जमीन तुमची असली तरी १९८४ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली झाड तोडायला वन खात्याच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. माडाला २०१६ मध्ये त्या कायद्यातून वगळले होते, २०१७ मध्ये परत घेतले आणि राज्यवृक्षही केले. वाळलेल्या काजूंचीही आधी खात्याच्या कार्यालयात चौकशी करा आणि कापण्याआधी झाडांचे फोटो काढून ठेवा.

राहिला पाटावरचा फणस. तो नव्या मशीनवर शिकायचे झाड समजू नका. खोड दोन्ही काठांवर टेकलेले आणि मध्ये अधांतरी आहे, म्हणजे वरची बाजू दाबलेली आणि खालची ताणलेली. वरूनच सरळ कापत गेलात तर पट्टी चिमटली जाईल. आधी वरून जाडीचा एक तृतीयांश काप, मग खालून वर येत तो पूर्ण करायचा, आणि स्वतः कधीही उताराच्या खालच्या बाजूला उभे राहायचे नाही. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे मुळांची उभी राहिलेली भिंत. खोड तिच्यापासून सुटले की ती मातीसह पुन्हा खड्ड्यात आदळते, कधी पाडणाऱ्याच्या बाजूलाही येते. तिच्यामागे कुणीही, विशेषतः मुले, असता कामा नयेत. हे काम जाणत्या कापणाऱ्याकडून मोठ्या मशीनने करून घ्या आणि फांद्यांवर तुमचे नवे मशीन चालवून हात बसवा. फणसाचा चीक चेनवर वाळला तर ती रात्रभर रॉकेलमध्ये ठेवून ब्रशने घासा आणि लावण्याआधी तेलात बुडवा. खोडाचा घेर आणि ते जमिनीपासून किती उंच टेकले आहे ते मोजून कळवलेत, तर कुठून कापायला सुरुवात करायची तेही सांगतो.